भोसरीचं विमान

मी मोटारी भरतो. आळेफाट्याला माझं वर्कशॉप आहे. विहिरीची मोटार जळाली की माणसं ती टेम्पोत टाकून, कधी मोटारसायकलच्या मागं बांधून आणतात आणि संध्याकाळपर्यंत भरून द्या म्हणतात. जळकी कॉइल उपसायची, खाचा घासायच्या, तांब्याची नवी तार ओढायची, वार्निश द्यायचं. वीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे एक खोड लागली आहे. काहीही बिघडलं की मला वाटतं, यातला एक भाग गेलाय, तो सापडला की काम झालं. मोटारींच्या बाबतीत ही खोड चांगली. लेकरांच्या बाबतीत ती महागात पडते, हे मला उशिरा कळलं.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची, डिंगोऱ्याच्या शाळेत चौथीला होती. जेवायला बसली की दोन घासांत उठायची, कारण बाहेर काहीतरी वाजलेलं असायचं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची आणि ते उत्तरही निम्म्यात सोडून भलतंच सांगायला लागायची. दप्तरात सहा वह्या, सहाही वह्यांची पहिली दोन पानं मोत्यासारख्या अक्षरात, पुढं कोरा कागद. चपलेचा एक पाय कायम बेपत्ता. एका वर्षात पाण्याच्या चार बाटल्या शाळेत हरवल्या आणि दोन मामाकडं डिंभ्याला धरणात गेल्या. तिची आई अंगणवाडीत पंचवीस पोरं सांभाळते आणि घरी येऊन म्हणायची, ती पंचवीस परवडली, ही एक नको. म्हणायची हसत, पण दमलेली असायची.

माझा आवाज मोठा आहे. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू असतो, त्याच्या वरून बोलायची सवय लागली, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं सांगायचं तर मी तापट आहे, ग्राइंडर बंद असला तरी. घरी गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत माझा पारा चढायचा. दप्तर उंबऱ्यात, कंपास पेटी उघडी, ती स्वतः पाण्याच्या टाकीवर. मी ओरडायचो, ती खाली उतरायची, आणि कशासाठी उतरले हे विसरून तिसरीकडंच जायची. मग मी आणखी ओरडायचो.

दिवाळीच्या आधी एकदा दिवस मावळताना मांजराच्या पिल्लामागं ती शेजारच्या उसात शिरली. आमच्याकडं उसात काय असतं हे कुणाला सांगावं लागत नाही. तिलाही माहीत होतं. वनखात्याची माणसं शाळेत येऊन सांगून गेली होती, तिनं बिबट्याचं चित्र काढून बक्षीसही मिळवलं होतं. आम्ही दहा-पंधरा माणसं बॅटऱ्या घेऊन, डबे बडवत फडाच्या कडेनं पळालो. दहा मिनिटांनी ती दुसऱ्या अंगाला बांधावर उभी दिसली, पिल्लू पोटाशी धरून, अंगभर उसाच्या पात्याचे ओरखडे. तिला बघितल्याबरोबर मी थोबाडीत दिली. जीव भांड्यात पडल्यावर हात उगारणारा मी काही गावातला पहिला बाप नाही, पण त्या थपडेचा आवाज मला अजून ऐकू येतो.

ती रडली नाही. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं पप्पा. पर त्येवा आठवलंच न्हाई."

मला ते सरळ सरळ खोटं वाटलं. बिबट्या विसरायची गोष्ट आहे का?

तिच्या वर्गाच्या मॅडमनी ते खोटं मानलं नाही. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून बसवलं आणि पुण्याला लहान मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंकडं दाखवायला सांगितलं. मॅडम भिडस्त आहेत, बोलताना सारख्या पदर सारखा करत होत्या, पण एक वाक्य त्या ठाम बोलल्या. पुढच्या जूनला पोरगी पाचवीला ओतूरच्या मोठ्या शाळेत जाणार, एकटी एसटीनं जाणार-येणार, भरलेल्या वर्गात बसणार, तिथं तिच्यामागं कुणी हिंडणार नाही. जूनच्या आत तिला काहीतरी मदत मिळाली पाहिजे. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. जून. हातात सात महिने होते.

डॉक्टर बाईंनी दोनदा बोलावलं, आमच्याकडून आणि शाळेकडून मोठे कागद भरून घेतले, लेकीशी तासभर खेळल्या. मग सांगितलं की हिला एडीएचडी आहे. हुशारी कमी नाही, लाडानं बिघडलेली नाही, पण लक्ष धरून ठेवणं आणि स्वतःला थांबवणं हिला इतर पोरांपेक्षा खूप अवघड जातं. गोळी सुरू करू, तुम्हा दोघांना घरी काय करायचं ते शिकवते, शाळेलाही पत्र देते, असं त्या म्हणाल्या. यातला 'गोळी' एवढा एकच शब्द मी ऐकला. आमच्या गावात डोक्याची गोळी म्हटलं की माणसं कशी आवाज खाली आणून बोलतात, ते मी लहानपणापासून बघितलंय. पोरीची जात. मी कागद उचलले आणि विचार करून सांगतो म्हणालो. विचार मी जिना उतरायच्या आत करून टाकला होता.

त्याच आठवड्यात चाकणच्या कंपनीत सुपरवायझर असलेला एक गिऱ्हाईक मोटार घेऊन आला. बोलता बोलता मी विषय काढला. तो म्हणाला, "राव, गोळीबिळी काय न्हाई. भोसरीला मशीन हाय. डोक्याला वायरी लावत्यात आन मेंदूला वळण लावत्यात." माझे कान टवकारले. मशीन म्हटल्यावर मला माझ्या घरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

ते सेंटर एका दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. थंड हवा, मऊ खुर्ची, भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र. तिथल्या मुख्य सरांनी मला नीट समजावून सांगितलं. उपचाराचं नाव न्यूरोफीडबॅक. डोक्याला लेप लावून त्यावर वायरी चिकटवायच्या, मेंदूच्या लहरी मशीन पकडतं. समोर पडद्यावर एक विमान. मूल शांत राहून लक्ष देत असेल तर विमान वर चढतं, लक्ष भरकटलं की खाली येतं. कुणी ओरडायला नको, कुणी सांगायला नको, मेंदूच मेंदूला शिकवतो. आठवड्यातून दोनदा यायचं, एकूण चाळीस वेळा. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट मी शेकडो विहिरींवर बसवलाय, मला ते पटायला वेळ लागला नाही. मी तिथंच हो म्हणालो. बायको म्हणाली, डॉक्टर बाईंना एकदा विचारू या. मी म्हणालो, त्या गोळीच सांगणार.

मंगळवारी आणि शनिवारी पहाटे निघायचं. तिची आई अंगणवाडी उघडायच्या घाईत, म्हणून लेकीला तयार करायचं काम माझ्याकडं आलं. तार गुंडाळणाऱ्या हाताला वेणी जड जात नाही, दोन दिवसांत जमली. आता पोरीला शहरात न्यायची, डॉक्टर-सरांसमोर बसवायची, म्हणजे केस विस्कटलेले कसे चालतील. मी तळहातावर खोबरेल घ्यायचो, टाळूवर थापायचो, मुळांपर्यंत चोळायचो आणि चापूनचोपून दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधायचो. शिवाय तेलानं डोकं थंड राहतं हे आमच्याकडं सगळेच मानतात. डोक्याच्याच इलाजाला निघालोय म्हटल्यावर मी हात आणखी सैल सोडला. तिच्या कपाळावर तेलाची रेघ उतरायची. शेजारची म्हातारी दारातून बघून म्हणायची, पोरगी कशी चकचकीत दिसती.

एसटीत ती खिडकीशी आणि मी तिच्याशेजारी. गिऱ्हाइकांचे फोन सुरू होऊ नयेत म्हणून मी मोबाइल बंद ठेवायचो. नारायणगाव, मंचर, खेड, चाकण. पहिल्या दोन-तीन खेपांना मी तिला गप्प बस म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं की तीन तास गप्प बसवणं हेच मोठं काम आहे, त्यापेक्षा उत्तरं देणं सोपं. ट्रकच्या मागं लिंबू-मिरची का बांधतात, कांद्याला थंडी वाजते का, मोटारीला मोटार का म्हणतात आणि गाडीलाही मोटार का म्हणतात. मंचरच्या स्टँडवर आम्ही वडापाव खायचो, एकाचे दोन भाग करून, मोठा भाग कुणाचा यावर भांडून. मला कबूल केलं पाहिजे की वर्कशॉप सोडून जायचं म्हणून कुरकुरत निघणारा मी, महिन्याभरात सोमवारी रात्रीच रिबिनी काढून ठेवायला लागलो होतो.

विमान मात्र काही केल्या चढेना. खुर्चीत ती ताठ बसायची, मान आखडेपर्यंत. वायरी लावणारी मुलगी नवीन होती, वीस-बावीसची, बोलायला गोड. ती लेप भरपूर चोपडायची, वायरी दाबून बसवायची आणि म्हणायची, "कॉन्सन्ट्रेट कर बेटा." विमान जमिनीवरून हात-दोन हात उठायचं, थरथरायचं आणि आपटायचं. मी मागच्या बाकावर बसून बघायचो. आपटलं की लेक मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघायची. मी तोंडानं काही बोलायचो नाही, पण माझं तोंड काय सांगत होतं ते तिला दिसत असणारच. अशा चौदा खेपा झाल्या.

पंधराव्या खेपेच्या आदल्या दिवशी तिच्या डोक्यात उवा निघाल्या. शाळेत सगळ्यांनाच झाल्या होत्या. आईनं औषध लावून, दोनदा शिकेकाईनं धुऊन, फणीनं विंचरून काढलं आणि मला बजावलं, उद्या तेल लावू नका. मंगळवारी ती कोरड्या, भुरभुरत्या केसांनी खुर्चीत बसली आणि विमान उडालं. वर गेलं, ढगांत गेलं, तिथंच राहिलं. वायरीवाल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. मुख्य सर बाहेर आले, म्हणाले की मेंदूनं वळण घेतलं, याच क्षणाची आपण वाट बघत होतो. लेक खुर्चीत वळून माझ्याकडं बघत होती आणि मी हसत होतो, इतका की गाल दुखले. आळेफाट्याला उतरल्यावर मी पेढे घेतले आणि शेजारच्या गॅरेजवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना वाटले. कशाबद्दल म्हणून विचारलं तर सांगितलं, पोरगी पास झाली.

शनिवारी मी पुन्हा तेल लावलं. उवा गेल्या होत्या, केसांच्या झिंज्या झाल्या होत्या, आणि आता तर सगळे तिच्याकडं कौतुकानं बघणार होते. त्या दिवशी मी जरा जास्तच लावलं.

विमान जमिनीवरून हललं नाही.

खाली उतरून बसथांब्यावर आल्यावर मी तिला धारेवर धरलं. मंगळवारी जमलं आणि आज का नाही, म्हणजे तुला येतं, तू मुद्दाम करत नाहीस, मी धंदा सोडून येतो ते काय गंमत म्हणून का. थांब्यावरची माणसं बघायला लागली तरी मी थांबलो नाही. ती रिबिनीचं टोक तोंडात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "मी मंगळवारी केलं तसंच केलं पप्पा. तस्संच." मी म्हणालो, खोटं बोलू नकोस. मंचरला मी वडापाव घेतला नाही. घरी येईपर्यंत तिनं एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला त्या दिवशी वाटलं, बरं झालं, जरा अक्कल येतेय.

पुढच्या चार खेपा तशाच गेल्या. पाचव्या खेपेला ती नवीन मुलगी रजेवर होती. तिच्या जागी एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी लेकीच्या डोक्यावर बोट टेकवलं, बोट उजेडात धरून बघितलं, आणि वायरी लावून त्या नीट टेकल्यात का ते तपासायचं मशीनवरचं बटण दाबलं. पडद्यावर लाल ठिपके उमटले. त्यांनी मागं वळून मला विचारलं, "तेल कोण लावतं हिला?"

"मी," मी म्हणालो.

त्यांना पुढं काही सांगावं लागलं नाही. कातडी आणि वायरीच्या मध्ये तेलाचा थर असला तर मशीनला मेंदूचं काही कळत नाही, नुसती खरखर मिळते, आणि विमान त्या खरखरीवर आपटतं. ज्या माणसानं आयुष्यभर ट्रान्सफॉर्मरमधलं तेल वीज कसं अडवतं हे पोरांना शिकवलं, तारेच्या घाणेरड्या टोकावर मीटर लावला म्हणून हाताखालच्या पोरांना शिव्या घातल्या, त्या माणसानं स्वतःच्या हातानं, प्रेमानं, वीसेक वेळा लेकीच्या डोक्यावर तो थर चढवला होता. पहिल्याच दिवशी सेंटरवाल्यांनी सूचनांचा कागद दिला होता. इंग्रजी होता. वॉरंटीचे कागद ठेवतो तिथं, ड्रॉवरमध्ये, मी तो घडी घालून ठेवला होता. घरी येऊन मी तो गॅरेजवाल्याच्या कॉलेजातल्या पोराकडून वाचून घेतला. दुसरीच ओळ होती, केस धुऊन यावे, तेल लावू नये. नव्या मुलीनं ते बटण कधी दाबलं नव्हतं आणि मी ती ओळ कधी वाचली नव्हती. तिच्यावर ओरडावं असं फार वाटलं, पण निम्मं खापर माझ्याच डोक्यावर फुटत होतं.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी लेकीला सांगितलं की विमान तेलामुळं पडत होतं. तिनं मला तीनदा विचारलं, म्हणजे मी पाडत नव्हते ना. तीनदा मी नाही म्हणालो. मग ती बराच वेळ खिडकीच्या गजावर बोटं वाजवत बसली.

कोरड्या केसांवर विमान दर खेपेला उडायला लागलं. तिशी गाठली तेव्हा मुख्य सरांनी मला एक रंगीत आलेख दिला. डाव्या बाजूला लाल बुटके खांब, उजव्या बाजूला हिरवे उंच खांब. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिंगोऱ्याला आणला आणि दुसऱ्याच दिवशी मॅडमना दाखवायला शाळेत गेलो. मॅडमनी तो नीट बघितला. मग कपाटातून लेकीच्या वह्या काढल्या. पहिली दोन पानं मोत्यासारखी, पुढं कोरी. "पैल्यापेक्षा माझ्याकडं बघून बोलती, उत्तराला थोडी थांबती, हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर वही तुमीच बघा भाऊ." मधल्या सुट्टीत ती एकटीच फाटकाबाहेर गेली होती, तेही त्यांनी अडखळत सांगितलं.

मी आलेख घेऊन वर्कशॉपला आलो आणि बाकावर पसरून बसलो. मोटार भरून झाली की आधीचं आणि नंतरचं माप घेतो आम्ही. दोन्ही वेळा टोकं साफ पाहिजेत, नाहीतर त्या मापाला अर्थ नाही. इथं एक सोडून लाल खांब सगळे तेलातले होते आणि हिरवे सगळे बिनतेलाचे. तो एक लाल खांब मध्येच उंच होता, उवांच्या दिवशीचा. म्हणजे हा आलेख माझ्या लेकीच्या डोक्याचा नव्हताच, तो माझ्या खोबरेलाच्या बाटलीचा होता. मार्च अर्धा सरला होता.

मुख्य सरांना मी हे विचारलं. ते चिडले नाहीत. सुरुवातीच्या खेपा सोडून द्या, पुढचा चढ बघा, राहिलेल्या दहा आणि वर आणखी दहा केल्यात तर शाळेतही फरक दिसेल, असं म्हणाले. तो माणूस लबाड नव्हता. त्याचा आपल्या मशीनवर विश्वास होता, जसा माझा होता. पण हिरव्या खांबांना मला चढ दिसत नव्हता. पहिला हिरवा आणि शेवटचा हिरवा जवळपास सारखेच होते.

मग मी मान खाली घालून डॉक्टर बाईंकडं गेलो. बायको आणि लेकही बरोबर होत्या. मला वाटलं होतं बोलणी बसतील. बाईंनी सगळं ऐकलं, तेलाचा भाग आल्यावर त्यांना हसू आवरलं नाही, आणि मग त्यांनी मला उत्तर दिलं तेही माझ्याच भाषेत. काही आईबापांना या उपचारानं फरक पडल्यासारखा वाटतो, असं त्या म्हणाल्या. पण ज्या प्रयोगांत काही मुलांना खरं मशीन लावलं आणि काहींना नुसतं खोटं, आणि कुणाला काय लावलंय हे बघणाऱ्यांना सांगितलं नाही, तिथं दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच सुधारलेली दिसली. त्यामुळे गोळीच्या आणि शिकवण्याच्या ऐवजी हे करा, असं मी सांगणार नाही. अपाय म्हणाल तर फारसा नाही, जातो तो वेळ.

मी म्हणालो, पण थोडा फरक तर पडलाय. मॅडम म्हणतात, मलाही दिसतो. बाईंनी विचारलं, या महिन्यांत आणखी काय काय बदललं? मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं. आठवड्यात दोन दिवस जाऊन-येऊन सहा-सहा तास ती माझ्याजवळ बसली. माझा फोन बंद होता. तिनं विचारलेल्याला मी उत्तर देत होतो. मॅडमनी तिला पुढच्या बाकावर घेतलं होतं. मोटारीचे सगळे भाग एकदम बदलले आणि मोटार चालू झाली, तर कशानं चालू झाली हे कुठलाही मिस्त्री सांगू शकत नाही. बाई म्हणाल्या, "हा आजार तुमच्या ओरडण्यामुळे झालेला नाही. हे पक्कं लक्षात ठेवा. पण ओरडण्याने तो कमीही होणार नाही." आणि गोळीची चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी सांगितलं की गोळी कशासाठी आहे हे मुलीला साध्या शब्दांत सांगा, लपवून देऊ नका.

परतीच्या एसटीत तिघं एका बाकावर बसलो. खेड सोडल्यावर मी विषय काढला. म्हणालो, तुला वर्गात बसायला, सांगितलेलं आठवायला लई जोर लावावा लागतो ना, तो जोर या गोळीनं थोडा कमी लागेल. तू वाईट आहेस म्हणून ही गोळी नाही.

तिनं एवढा वेळ विचार केलेला मी कधी बघितला नव्हता. मग तिनं विचारलं, "गोळी मी घेतली की तुमी वरडायचं बंद करणार?"

"करणार," मी म्हणालो.

"आन तुमाला न्हाई जमलं तर?"

"तर तू मला सांगायचं. पप्पा, तुमी वरडला म्हणून."

"तसं सांगितलं की तुमी वरडाल."

तिची आई खिडकीबाहेर बघत होती. मंचर येईपर्यंत मी माझ्या हातांकडं बघत बसलो, वार्निशनं पिवळी पडलेली नखं आणि त्यांच्याखाली तो हात, जो बांधावर उठला होता.

गोळी एप्रिलमध्ये सुरू झाली. जादू झाली नाही. दुपारी भूक मेली म्हणून पहिले पंधरा दिवस डबा तसाच परत यायचा, बाईंनी मात्रा बदलली. पण जूनला ती ओतूरच्या शाळेत गेली आणि जुलैमध्ये तिच्या मराठीच्या वहीचं पाचवं पान मी पाहिलं, तारखेसकट लिहिलेलं. एकावेळी एकच काम सांगायचं, जवळ जाऊन सांगायचं, हे आम्ही दोघं बाईंकडून शिकलो. बाटल्या अजून हरवतात. भोसरीला आम्ही परत गेलो नाही. तिथल्या लोकांबद्दल माझ्या मनात राग नाही. जूनच्या आत हवी होती ती मदत एप्रिलपर्यंत मागं पडली, त्यात माझा वाटा मोठा आहे.

ओरडणं गेलं का, असं बायकोला विचाराल तर ती नुसती हसेल. कमी झालंय. मागच्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती म्हणून लेक वर्कशॉपला आली होती. तिनं नव्या तारेचं अख्खं रीळ उलगडून ग्राइंडरला गुंडाळलं, आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असताना माझा तोल गेला. चौकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो. ती बाहेर पळाली. मी तास-दीड तास तार सोडवत बसलो.

दुपारी ती आली. आत आली नाही. एक पाय आत आणि एक पाय बाहेर, अशी शटरखाली उभी राहिली, पळायच्या बेतानं.

"पप्पा," ती म्हणाली, "मगाशी तुमी वरडला."

गिऱ्हाईक अजून तिथंच होतं. मी हातातली तार खाली ठेवली आणि म्हणालो, "व्हय बाळा. वरडलो. चुकलं माझं."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग तिनं बाहेरचा पाय आत घेतला.